शेजाऱ्यांची वाढलेली शिल्लक

दोघी बहिणींपैकी थोरली लग्न होऊन खाडीपलीकडच्या शेजारदेशात गेली आणि धाकटी इथल्या अर्थसंशोधन संस्थेत नोकरीला लागली. दोन्ही देश एवढेसे, की नकाशावर अंगठा ठेवला तर दोन्ही झाकले जातील. म्हणूनच की काय, एकमेकांशी तुलना करायची हौस दोन्हीकडे दांडगी.

एके दिवशी संचालकांनी धाकटीला बोलावलं. "दोन्ही देशांच्या भांडवली खात्याची वीस वर्षांची शिल्लक एका आलेखावर आणा. सरकारच्या सल्लागारांपुढे मांडायचीय."

तिने आलेख केला. आपली रेघ जमिनीला घासत चाललेली. शेजाऱ्यांचीही तशीच, फक्त मधली काही वर्षं ताडमाड उंच. संचालकांची कळी खुलली.

"बघितलंत? त्यांनी बांधकामाचे नियम सैल केले आणि पाठोपाठ पैसा आला. आपणही तेच करायला हवं."

"सर, ही गुंतवणूक नाही. ती वेगळ्या खात्यात धरतात," धाकटी म्हणाली. "इथे मुख्यतः परत न करायच्या बोलीवर मिळालेली मदत आणि माफ झालेलं कर्ज येतं. भूकंपानंतर त्यांना मिळालं, ते हे."

"बरं, तशी तळटीप द्या," म्हणत संचालकांनी फोन उचलला.

भूकंपाचं तिला कुणी सांगायला नको होतं. त्या दुपारी थोरलीचे यजमान एका नव्या कोऱ्या इमारतीत कामावर होते. शेजारची जुनी टपाल कचेरी जागची हलली नाही, ही मात्र पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. थोरली ढिगाऱ्यापासून उठेना, तेव्हा धाकटीनेच तिला हाताला धरून घरी नेलं होतं.

बैठकीच्या दिवशी पडद्यावर आलेख आला आणि धाकटी बघतच राहिली. तळटीप गायब. त्या उंच रेघेखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : सैल नियमांची फळं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संचालकांचं वाक्य पुरं व्हायची वाट न बघता ती उभी राहिली.

"फळं आहेत खरी," ती म्हणाली. "नियम सैल केले म्हणून इमारती कच्च्या झाल्या, इमारती पडल्या म्हणून माणसं मेली आणि माणसं मेली म्हणून मदत आली. ही शिल्लक त्याची आहे."



"भावना आणि आकडेवारी यांची गल्लत नको," संचालक हसून म्हणाले.

"आकडेवारीच सांगतेय. तळटीप तुम्हीच घालायला सांगितली होती. काढली कुणी?"

एका सल्लागारांनी चष्मा पुसला. "तुमच्या घरचं कुणी गेलं का तिथे?"

प्रश्न मायेने विचारलेला होता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. "गेलं. पण नसतं गेलं तर हा आलेख खरा ठरला असता का?"

पुढे काय व्हायचं तेच झालं. आलेख अहवालातून काढला. नियम सैल करायची शिफारस मात्र जशीच्या तशी राहिली. धाकटीची रवानगी ग्रंथालयात झाली. जाता-येता सहकारी हळूच म्हणत, "बरं बोललात हो." बैठकीत मात्र त्यांच्या तोंडाला कुलूप होतं.

तिने थोरलीला फोनवर सगळं सांगितलं.

"आमच्याकडेही नियम बदलायच्या आधी लोकांच्या हरकती मागवल्या होत्या," थोरली म्हणाली. "ह्यांनी आणि मी नोटीस वाचली होती. आपल्याला काय त्याचं, म्हणून सोडून दिली. तुमच्याकडे मागवल्यात का?"

"मागवल्यात. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेत जाहीर सुनावणी आहे."

"मग माझं नाव नोंदव. परदेशी माणसाला बोलू देतात का, तेवढं विचार."

धाकटीने दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन विचारलं. खिडकीपलीकडची बाई म्हणाली, असं कुणी आजवर आलेलं नाही, पण मनाई कुठे लिहिलेली दिसत नाही. थोरली सुनावणीच्या आदल्या संध्याकाळच्या बोटीने आली. सुनावणीला दोघी पहिल्या रांगेत बसल्या, आणि संचालक आत शिरले तेव्हा धाकटीने त्यांना आपल्या शेजारची रिकामी खुर्ची दाखवली.