ताणलेल्या चित्राचा आळ

मी एक जुना होम थिएटर रिसिव्हर आहे. नाव भारदस्त, पण मला ओळखणारे थोडे, म्हणून आधीच सांगून टाकतो. टीव्हीखालच्या कप्प्यात जो काळा, जड डबा असतो, ज्याच्या पाठीत वायरींचं जंजाळ घुसलेलं असतं आणि ज्याच्या डोक्यावर घरातली माणसं चष्मा, बिलं आणि अर्धवट खाल्लेला पेरू ठेवतात, तो मी. प्लेअरमधून आलेलं चित्र मी टीव्हीकडे पाठवतो आणि आवाज पाच स्पीकरांना वाटून देतो. मित्रांनो, आज मी रागावलेला आहे. राग माझ्यापुरता असता तर गिळला असता, आम्हा यंत्रांना त्याची सवय असते. पण माझ्या एका चुकीच्या सेटिंगपायी एका शहाण्या बाईला बिनडोक ठरवलं गेलं, आणि ते मला समोर बसून पाहावं लागलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझा एकेक स्क्रू जपून पिळला. खोक्यात माझ्यासोबत एक जाडजूड पुस्तकही ठेवलं होतं. चित्र कसं लावायचं, रंग किती ठेवायचा, सगळं त्यात चित्रांसकट छापलं होतं. त्या पुस्तकावर आजवर फक्त मुंग्यांनी नजर टाकली आहे.

बारा वर्षांपूर्वी हेमराजभाऊंनी मला सुरतेहून नंदुरबारजवळच्या कोरीट गावी आणलं. हेमराजभाऊ म्हणजे गुजर घरातले केळीवाले शेतकरी. त्या वर्षी नवं घर बांधून झालं होतं. माझी काय ती मिजास! नवरात्रात गल्लीचा गरबा माझ्या जिवावर चालायचा, क्रिकेटच्या सामन्याला ओट्यापर्यंत माणसं बसायची. भाऊंची बायको प्रतिभावहिनी रोज स्वतःच्या हातानं माझ्यावरची धूळ पुसायच्या. आणि हेमराजभाऊंची आई तापीबाई, तेव्हा साठी ओलांडलेली, कमरेला चाव्यांचा जुडगा खोचून यायची आणि संध्याकाळच्या भजनांसाठी माझ्यासमोर मांडी घालायची. त्या घरात कपाटापासून कोठीपर्यंत सगळ्या चाव्या तिच्याच कमरेला. तिच्या सासूनं तिच्या हाती दिलेला मान होता तो.

मग घरात मोठा रुंद टीव्ही आला आणि त्याच्यामागोमाग वहिनींचा भाऊ भावेश आला. हा भावेश सुरतेत राहतो आणि त्यामुळे त्याला सगळं कळतं, असं त्याचं स्वतःचं मत आहे. त्यानं प्लेअरमध्ये एक जुनी सीडी घातली. आता मित्रांनो, जुन्या काळची चित्रं चौकोनी असायची. रुंद पडद्यावर ती नीट दाखवायची तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतातच. त्यात बिघाड काही नसतो. पण या घरात पाहुण्याच्या ताटात वीतभर जागा रिकामी दिसली तरी घराची अब्रू जाते. एवढा मोठा टीव्ही, आणि दोन्हीकडे रिकामा? भावेशनं रिमोट घेतला, माझ्या चित्राच्या सेटिंगमध्ये शिरला, ‘नॉर्मल’चं ‘फुल’ केलं, रंग शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला आणि टाळी वाजवली. पडदा भरला. चौकोनी चित्र मला दोन्ही बाजूंनी ओढून ताणावं लागलं. सगळी माणसं रुंद झाली, लालबुंद झाली. कोणालाच काही खटकलं नाही. मी मात्र दरवेळी सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात ‘फुल’ असं लिहून दाखवत राहिलो. हुकमाचा ताबेदार याहून जास्त काय करणार?

मागच्या हिवाळ्यात हेमराजभाऊंच्या मुलीला, रोशनीला पाहायला शहाद्याकडचे पाहुणे आले. बोलणी जमली, पेढे वाटले गेले, आणि वहिनींनी हौसेनं स्वतःच्या लग्नाची सीडी लावली. सव्वीस वर्षांपूर्वीचं लग्न. पडद्यावर मांडव आला, वऱ्हाड आलं, आणि फेटा बांधलेले धुडकूबाबा आले. धुडकूबाबा म्हणजे तापीबाईचे यजमान, जाऊन आता अठरा वर्षं झाली. पाहुण्यांना दाखवायला वहिनी म्हणाल्या की हे आमचे सासरे. तापीबाई पुढे सरकली. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"हाऊ कोन शे?" ती हेमराजभाऊंना म्हणाली. "हाऊ तुन्हा बाप नही."

हेमराजभाऊ कसंनुसं हसले आणि आई विसरते आता, असं पाहुण्यांना म्हणाले. भिंतीवर बाबांचा फोटो होता, त्यातले गाल खोल गेलेले. पण तो आजारपणातला, त्याआधी बाबा चांगले अंगानं भरलेले होते, असं भाऊंनी ठरवूनही टाकलं. स्वतःच्या बापाचा चेहरा त्यांनी माझ्या ताणलेल्या चित्रावरून पुन्हा पाठ केला! तापीबाई तरी हटली नाही.

"डोया मिटीसनी बी वळखस मी त्यासले," ती म्हणाली. "त्या असा नव्हतात."

त्याच चित्रात तिचे सासरेही पाटावर बसलेले होते. सासऱ्यांसमोर सुनेनं तोंडावर पदर ओढायचा, ही या घरची जुनी रीत. पण त्यांनाही तिनं ओळखलं नाही, पदराला हातसुद्धा लावला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ती खरं बोलतेय. पण मला विचारतो कोण?

त्यानंतर जे झालं ते सांगताना माझी तार आजही तापते. हेमराजभाऊ तिला शहरातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. स्वतःच्या नवऱ्याला ओळखत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. चित्र कसं होतं, हे कोणी सांगितलं नाही. विसरण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. आधी तिला गॅसपाशी जाऊ देईनात. मग मळ्यात एकटीला जाणं बंद. आणि एके दिवशी वहिनींनी गोड बोलून कमरेचा जुडगा काढून घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. तापीबाई भांडली नाही. नुसती माझ्यासमोर बसायची आणि रिकाम्या कमरेवर हात फिरवायची. चार दिवसांनी तिनं वहिनींना हळूच विचारलं की मला खरंच विसरायला होतंय का. ज्या बाईला उभ्या मळ्यातलं केळीचं झाड न् झाड ठाऊक, तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती.

मग उन्हाळा आला. रोशनीच्या लग्नासाठी नवा साउंडबार घ्यायचा आणि मला बदल्यात देऊन टाकायचं ठरलं. मला न्यायला नंदुरबारहून मुजफ्फरभाई आले. पन्नाशीचा माणूस, हयात रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत गेलेली. हेमराजभाऊंनी माझ्या तक्रारींचा पाढा वाचला. आवाज घोगरा, चित्र जुनाट, वगैरे. नाचता येईना अंगण वाकडं! मुजफ्फरभाईंनी मला सुरू केलं. प्लेअरमध्ये तीच सीडी होती. पडद्यावर वऱ्हाड आलं, आणि मुजफ्फरभाई नवरदेवाच्या घोड्याकडे पाहत राहिले. म्हशीएवढा रुंद घोडा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"सेटमा काहीच बिघाड नही, भाऊ," ते म्हणाले. "चित्र ताणेल शे."

त्यांनी रिमोट मागितला. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मी कोपऱ्यात लिहिलेलं वाचत होतं. ‘फुल’चं पुन्हा ‘नॉर्मल’ झालं. रंगही त्यांनी खाली आणला. दोन्ही बाजूंना काळे पट्टे उतरले आणि मी जीव सैल सोडला. मांडवात एक किडकिडीत, सावळा, लांबट चेहऱ्याचा माणूस उभा होता, फेटा त्याला जरा मोठाच होत होता.

तापीबाई दारात लसूण सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं. हातातली पाकळी खाली पडली. पडद्यावर तिचे यजमान बाजूला झाले आणि मागे पाटावर बसलेले तिचे सासरे दिसले. जाऊन पंचवीस वर्षं झालेला तो म्हातारा. त्याला पाहताच शहात्तर वर्षांच्या त्या बाईनं झटकन डोक्यावरचा पदर नाकापर्यंत खाली ओढला.

हेमराजभाऊ एकदा पडद्याकडे, एकदा आईकडे पाहत होते, आणि त्यांचं तोंड आता खरोखरच लाल झालं होतं. पदराआडून तापीबाईचा हात पुढे आला, तळवा उघडा.

"प्रतिभा," ती म्हणाली, "चाव्या आन."

वहिनींनी निमूटपणे चाव्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी भाऊ तिला परत डॉक्टरकडे घेऊन गेले, या वेळी सगळी हकिगत सांगितली, आणि डॉक्टरांनी तिला नीट तपासून गोळ्या बंद केल्या. माझी पाठवणीही रद्द झाली. पण माफी मात्र कोणी मागितली नाही. माझी नको, मी डबा आहे. तिची तरी मागायची होती.

मित्रांनो, यंत्राला धूळ लागली तर पुसा, तापलं तर वारा द्या, आणि त्याच्यासोबत आलेलं पुस्तक एकदा तरी उघडा. एवढं केलंत तर आम्ही वर्षानुवर्षं इमानानं राबतो. पण पडद्यावरचं चित्र आणि घरातलं म्हातारं माणूस यांचं जमेना, तर आधी चित्र तपासा. म्हाताऱ्या डोळ्यांनी पडद्यावरचं माणूस चाळीस वर्षं रोज पाहिलेलं असतं, आणि मी ते फक्त एका सीडीवरून दाखवत असतो.

रोशनीच्या लग्नाला भावेश आला. आल्या आल्या त्यानं पडद्यावरचे काळे पट्टे पाहून नाक मुरडलं आणि रिमोट शोधू लागला. कप्प्यात नाही, सोफ्यावर नाही, उशीखाली नाही. तापीबाई त्याच्याकडे पाहत शांतपणे बसून होती. रिमोट तिच्या कमरेला होता, चाव्यांच्या जुडग्याशेजारी.