वरून दिसलेलं हिरवं

मधमाश्या पाळणाऱ्याला दुष्काळ सगळ्यांच्या आधी कळतो, असं मी म्हणतो. त्यावर माझी बायको म्हणते, "तुम्हाला कळतं कप्पाळ. माश्यांना कळतं, त्या तुम्हाला चावतात, मग तुम्हाला कळतं."

असू दे. त्या वर्षी खरंच माश्यांनीच सांगितलं. पावसानं दगा दिला, शेतं भाजून निघाली, फूल म्हणून औषधाला उरलं नाही. माश्या सकाळी निघायच्या आणि रिकाम्या हातानं परत यायच्या. साखरेचा पाक करून घातला, पण पाकावर माशी जगते, नांदत नाही. राणीनं अंडी घालणं बंद केलं. पूर्वी पेटीचं झाकण उचललं की भरल्या घरासारखा गलका असायचा, आता नुसती कुजबुज. चांगलं फूल मिळालं नाही तर माझ्या सगळ्या पेट्या बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. जेवण जाईना. बायको बोलायची थांबली, म्हणजे बघा.

शेवटी भाचीला फोन लावला. थोरल्या बहिणीची पोर. हिचं काम अजब. आकाशात तो उपग्रह फिरतो ना, तो खालचे फोटो पाठवतो. ही बया दिवसभर ते बघते आणि नकाशा रंगवते. वाळलेलं पीक, मान टाकलेलं रान ते तांबडं, तगलेलं ते हिरवं. घरात तिला सगळे ढगातली बाई म्हणतात.

"पोरी, तुझ्या त्या वरच्याला विचार, कुठं फूल दिसतंय का?"

"मामा, त्याला फूल दिसत नाही. पान दिसतं."

"मग मी माझा ट्रक हिरवा रंगवला तर त्याला झाड वाटेल का?"

"नाही वाटणार. जिवंत पानावरून एक उजेड परत फिरतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला दिसतो. रंगाला तो फसत नाही."

"बरं आहे. तुझ्या मामीसारखा आहे म्हण की."

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन, आवाजात नुसत्या उड्या. "मामा, सगळं तांबडं आहे, पण कोरड्या नदीच्या काठी एक मोठा हिरवा तुकडा आहे! आमच्या पिकांच्या नकाशात तिथं सूर्यफूल लिहिलंय. आणि बाकी सगळं वाळत असताना हे गेल्या काही आठवड्यांत वाढतंय!"

सूर्यफूल! मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला उचलायला गेलो, तिनं लाटणं दाखवलं.

"भाचीच्या कॉम्प्युटरवर विसंबून एवढ्या लांब निघालात. माझ्या सांगण्यावरून कधी कोपऱ्यावरच्या दुकानात गेला नाहीत."

भाची म्हणाली मीही येते. त्यांच्यात तशी पद्धतच आहे, वरून जे दिसलं ते खाली उतरून डोळ्यानं बघायचं. त्याशिवाय पक्कं धरत नाहीत.

संध्याकाळी माश्या घरी आल्या तशा पेट्यांच्या तोंडाला जाळ्या लावल्या, पेट्या ट्रकवर चढवल्या आणि पहाटे निघालो. कोंडलेली माशी गारव्यात निभावते. ऊन चढलं की आत उकाडा होतो, मेण मऊ पडतं, पोळी ढासळतात, माश्या गुदमरतात. म्हणून ऊन चढायच्या आत पोचायचं आणि जाळ्या काढायच्या, एवढाच हिशोब.

पोचलो वेळेत. भाची म्हणाली, "हेच ते." मी ट्रक थांबवला, खाली उतरलो, बघतो तर काय? वेडी बाभूळ! नजर जाईल तिथपर्यंत काटेच काटे. सूर्यफुलाचं देठसुद्धा नाही.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी शेळ्या चारत बसली होती. शेळ्या बाभळीखाली पडलेल्या शेंगा कुडुमकुडुम खात होत्या.

"मावशी," मी विचारलं, "इथं सूर्यफुलाचं शेत कुठंय?"

म्हातारी इतकी हसली की एक शेळी घाबरून पळाली. "सूर्यफूल? अरे बाबा, शेतं सोडून लोक गेले त्याला किती वर्षं झाली. तेव्हापासून ह्या काट्यांचंच राज्य. मुळं पार पाताळात जातात मेल्यांची, ह्यांना कसला दुष्काळ! तुला कोणी सांगितलं सूर्यफूल?"

मी भाचीकडे बोट केलं. म्हातारीनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हिला कोणी सांगितलं?"

मी आकाशाकडे बोट केलं. म्हातारी पुन्हा हसायला लागली.

मला मात्र हसू येईना. ट्रकवर माश्यांचा आवाज चढला होता. नुसता गुणगुणाट नव्हे, कढईत तेल तापावं तसा. परत फिरलो असतो तर वाटेतच सगळं संपलं असतं.

"ढगातून जरा खाली उतर आता," मी भाचीवर ओरडलो. "जुन्या नकाशावर माझ्या माश्या आणल्यास?"

पोरीचे कान लाल झाले. "चुकलं मामा. पीक कुठलं ते जुन्या नकाशावरून घेतलं. पण हिरवं आहे ना? वेडी बाभूळ चालत नाही का तुमच्या माश्यांना?"

"चालते की! मध उत्तम. पण फुलं हवीत ना! शेंगा धरल्यात, म्हणजे फुलोरा उरकला. आपण जेवणावळ उठल्यावर आलोय."

"खरंय," म्हातारी म्हणाली. "फुलं कधीच झडली."

भाचीनं ट्रकच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, उन्हात पडदा दिसेना म्हणून माझं जाकीट डोक्यावर घेतलं आणि आत कोंबडीसारखी बसली. मी पेट्यांवर ओली पोती टाकत होतो, तोंड चालूच होतं. एकदम जाकिटातून ओरडली, "मामा! सगळं एकदम हिरवं झालेलं नाही!"

"म्हणजे?"

"ही रस्त्याकडची झाडं आधी पालवली, बऱ्याच आधी. नदीकडची आत्ता आत्ता फुटतायत. इकडे शेंगा आल्या असतील तर तिकडे आता फुलं असायला हवीत!"

मी म्हातारीकडे बघितलं. ती म्हणाली, "मला नको विचारू. आत कोण जातंय मरायला? माझ्या शेळ्यापण जात नाहीत. पण नदीच्या पात्रातून ट्रक जाईल बघ, वाळू घट्ट आहे. थांब, मीपण येते. खिडकीजवळ बसणार."

शेळ्या तिथंच सोडून म्हातारी वर चढली. ट्रक पात्रात उतरवला. काटे दोन्हीकडून पत्र्यावर करकरत होते, म्हातारी प्रत्येक खड्ड्याला हसत होती, भाची मांडीवर लॅपटॉप धरून "अजून, अजून थोडं" करत होती. आणि वळण घेतलं तशी मी ब्रेकच मारला.

काही बघायच्या आधी वास आला. मग दिसलं. दोन्ही काठांना फांदी न् फांदी पिवळी, उंदराच्या शेपट्यांसारखी लांबट फुलं लोंबत होती. भाची नुसती माझ्या दंडाला चिमटे काढत होती.

पेट्या सावलीत उतरवल्या आणि एकेक जाळी काढली. आधी माश्या भांडखोर पाहुण्यांसारख्या भसाभस बाहेर आल्या. दोन मला चावल्या, हक्कच आहे त्यांचा. मग पेटीसमोर तोंड करून गिरक्या घ्यायला लागल्या, नवं घर कुठंय ते मनात धरत. मग गेल्या. मी पेटीशी उकिडवा बसलो. थोड्या वेळानं पहिली परत आली, मागच्या पायांना पिवळे गोळे लावून, ओझ्यानं उतरायच्या फळीवर धपकन पडली. तिच्यामागून दुसरी. मग मोजायचं काही कारणच उरलं नाही.

भाची फोनवर आपल्या कचेरीशी बोलत होती. "तो हिरवा तुकडा पीक नाही, काटे आहेत. तो पिकातून काढा आणि आसपासची शेतं वेगळी बघा. मी येताना बघितली, सगळी गेलीत."

म्हातारीनं विचारलं, "म्हणजे काय होईल गं?"

"आजी, आत्तापर्यंत तुमचं गाव हिरव्यात धरलं होतं. आता तांबडं होईल."

"ते चांगलं की वाईट?"

"वाईट आहे, म्हणून चांगलं. सरकारचं पाणी-चारा द्यायचं ठरेल तेव्हा तुम्हाला वगळायचे नाहीत."

"तुमचा कारभारच उलटा," म्हातारी म्हणाली, पण खूश झाली. "कर बाई, चांगलं लालभडक कर."

तेवढ्यात बायकोचा फोन. "मिळालं का सूर्यफूल?"

"नाही. काटे मिळाले."

मी फोन पेटीच्या तोंडाशी धरला. आतून तो भरल्या घराचा गलका येत होता. बराच वेळ धरून ठेवला आणि मग नाक ओढत कानाला लावला.

"ऐकलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "अहो, मग रडताय कशाला?"

"रडतोय कोण? काटा रुतलाय."

"कुठं?"

म्हातारीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "दोन्ही डोळ्यांत रुतलाय गं बाई ह्याला," ती ओरडली, "तू काळजी करू नको, छान दिसतोय!"