नावेचा एक उतारू

चतुराबाईने ओचा खोचला आणि न विचारताच नावेत पाय टाकला. नाव डुलली. पुंजाने बायकोकडे पाहिलं.

"तू कुठं?"

"पलीकडं. आपलीच नाव हाय ना?"

आक्काबाई आधीच येऊन बसली होती. गोदावरीवर पूल झाल्यापासून नाशिक रोडची एसटी वरून धडधडत जाई आणि सारं गाव पुलानेच ये-जा करी. ही विधवा बाई तेवढी रोज दुपारी नावेत येऊन बसे. पलीकडे उतरे, बाभळीखाली टेके आणि त्याच नावेने परत. हातात पिशवी नाही, कुणाची गाठभेट नाही. चतुराबाई धुणं धुताना सगळं बघत होती. त्यात पुंजा हल्ली दाढी करून घाटावर निघायचा.

"पूल मानवत नाय का आक्का?"

"चढ लागतो गं."

"आन बाभूळ मानवती?"

आक्काबाईने डोळे मिटून घेतले. लाजली, असं चतुराबाईला वाटलं. मग मधल्या धारेत तिची नजर आक्काबाईच्या हातांवर गेली. फळी धरलेली बोटं पांढरी पडली होती. ओठ रामनाम पुटपुटत होते.

पलीकडे पुंजा नावेतलं पाणी उपसायला थांबला. बाभळीखाली चतुराबाई हळूच म्हणाली,

"पाण्याला एवढं भिता, मग येता कशापायी?"

"आमचा पोरगा पंचांपुढं म्हणला, पूल झाला, आता खळ्यावरचं धान्य नावेला कशाला द्यायचं."

दर सुगीला गाव नावेसाठी देई त्या धान्यावरच तर चतुराबाईचं घर चालत होतं.

"मंग?"

"म्हातारे म्हणले, एक जरी उतारू हाय, तवर गावानं द्यायचं. आधीपासून चालत आलंय." आक्काबाईने पदर सावरला. "मंग मी झाले उतारू. भर पुरात माझ्या सुनेसाठी सुईण तुझ्याच नवऱ्यानं आणली. पोटच्या पोराला इसर पडला, मला नाय."

"ह्यांना ठाव हाय?"

"खुळी का तू? त्याला वाटतं, आक्काला नावच आवडती. वाटू दे."

परतताना चतुराबाई तिला खेटून बसली. फळीवरच्या हातावर तिने आपला हात ठेवला. पुंजा वल्हं मारता मारता हसला.

"दोघी एकीपेक्षा एक भित्र्या. अगं, आपली नाव अजून पन्नास वर्सं चालंल."

पुलावरून एसटी गेली. दोघींनी वर पाहिलं नाही.

"चालंल की," चतुराबाई म्हणाली. "उद्या शेजारच्या मालनबाईला घेऊन येते. तिलाबी पूल सोसत नाय."