परान्न

रंजनाबाईंना शाळेच्या संचालक मंडळावर पुन्हा निवडून यायचं होतं ते एकाच कामासाठी. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या भिंती त्यांनी भांडून उभ्या केल्या होत्या, छत बाकी होतं. पण चातुर्मासात त्यांना परान्न वर्ज्य, दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा नाही. आणि ब्राह्मणपुरी गावात चहा झाल्याशिवाय मताची गोष्टच निघत नव्हती.

सुकलाल पाटलांनी तर हात न लावलेला कप बघून हसत विचारलं, "तुमले आमना घरना चहा चालत नही, मंग आमनं मत कसं चालस?"

नेम समजावताना रंजनाबाईंचा आवाज बारीक झाला. तिकडे विरोधातले भूपेंद्रभाऊ घरोघरी कपावर कप रिचवत फिरत होते.

शेवटच्या घरी भिकुबाईंनी कपबशी पुढे केली, तेव्हा रंजनाबाईंनी डोळे मिटून देवाची क्षमा मागितली आणि चहा संपवला. भिकुबाई खूश झाल्या, मग जराशा ओशाळल्या.

"आते कसं सांगू ताई, मी सकायलेच भूपेंद्रभाऊले शब्द दी टाका."

रंजनाबाईंनी कप खाली ठेवला. तोंडातला गोडवा काही केल्या जात नव्हता.

"मग त्या छताचं तेवढं त्यांनाच सांगा," त्या कशाबशा म्हणाल्या.