मामींनी गाळलेलं वाक्य

डॉक्टरीणबाई बोलायच्या थांबल्या, तशी नीलमने जयंतीमामींकडे पाहिलं. “मामी, काय म्हणाल्या?”

नीलमला तमीळ येत नव्हतं, इंग्रजीही बेताचंच. नवरा रेल्वेच्या ट्रेनिंगला गेलेला, म्हणून वेस्ट मांबलमच्या या शेजारीणबाई सोनोग्राफीला सोबत आल्या होत्या. मामी तंजावरकडच्या मराठी घरातल्या, तिन्ही भाषांत तरबेज.

डॉक्टरांनी सांगितलं ते सरळ होतं. बाळाच्या दोन्ही किडन्या झालेल्याच नाहीत. त्यामुळे त्याच्याभोवती पाणी नाही, आणि पाण्यावाचून फुप्फुसं वाढली नाहीत. पोटात आहे तोवर ते जगेल. बाहेर आल्यावर नाही.

“पाणी कमी आहे म्हणट्ले गे,” मामी म्हणाल्या.

खोटं नव्हतं, पण खऱ्याच्या जवळपासही नव्हतं.

नीलमचा चेहरा खुलला. “एवढंच ना? मी मेली पाणी पितच नाही धड.”

बाहेरच्या बाकावर बसून तिने बाटली तोंडाला लावली. संपली, भरून आणली, पुन्हा लावली. घोट घशाखाली उतरेना तरी पीत राहिली. मधूनच पोटावर हात ठेवून म्हणायची, “पी रे बाबा.”

मामींना ते बघवेना. पोरीचं दुःख टाळायला गेल्या आणि तिला खुळ्या आशेला जुंपून बसल्या. स्वतःचाच संताप आला त्यांना. त्यांनी बाटली काढून घेतली.

“नक्को कण्णा, नक्को पोरी. तू किती प्यालीस तरी त्याला पोचत नाही. मी अर्धंच सांगितलं तुला.”

मग त्यांनी उरलेलं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. नीलम ओढणीत तोंड खुपसून रडली. मामींनी तिला रडू दिलं.

“आत त्याला दुखत असेल?”

“नाही. विचारून घेतलं मी.”

“ऐकू येतं?”

“येतं गे.”

इकडे दिवस भरत आले की गर्भारशीच्या हातांत काचेच्या बांगड्या भरतात, आतल्या जिवाला किणकिण ऐकू यावी म्हणून. मामींनी पुढच्या महिन्यातला मुहूर्त काढून ठेवला होता.

“तो दिवस नको, मामी,” नीलम डोळे पुसत म्हणाली. “आजच भरूया.”

टी. नगरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या बाईने तिचं पोट पाहून हसत काहीतरी विचारलं. नीलमने मामींकडे पाहिलं.

“मुलगा पायजे की मुलगी, विचारते,” मामींनी जसंच्या तसं सांगितलं.

नीलमने दोन्ही हात पुढे केले. “त्यांना म्हणावं, मोठ्याने वाजणाऱ्या द्या.”