शेऱ्यांचं फोल्डर

अनंतकृष्णाला कुणी 'कंप्यूटरवाले' म्हटलं की तो आधी संकोचल्यासारखं करायचा आणि मग घरी जाऊन बायकोला ते सांगायचा. पॉलिटेक्निकात बावीस वर्षं हाच विषय शिकवून त्याची मान जरा ताठ झाली होती. कुंभकोणमच्या मराठी समाजात त्याच्या तोडीचा दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे ती ताठच राहिली. समाजाची वेबसाइट काढायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने छताकडे पाहिलं.

साइट काढायचं खरं कारण होतं लग्नं. तंजावर, कुंभकोणम, चेन्नई, बंगळूर अशी घरं पांगलेली. मुलगा एका गावात, मुलगी दुसऱ्या गावात, आणि दोन्ही घरांची माहिती फक्त एका माणसाकडे. तो माणूस म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांचे हनुमंतराव. चाळीस वर्षं त्यांनी स्थळांची वही ठेवली होती. नाव, गोत्र, नक्षत्र, शिक्षण, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, शेरा. उघड बोलायचं नाही ते त्या रकान्यात असायचं. कुणाचं ठरलेलं मोडलं, कुणाचा बाप पितो, कुणाला कसलं दुखणं आहे. हनुमंतराव चुगलखोर मात्र मुळीच नव्हते. वही उघडायची, शेरा वाचायचा, "तें स्थळ नको" एवढंच म्हणायचं आणि वही मिटायची. का, ते ब्रह्मदेवाने विचारलं तरी सांगायचे नाहीत. म्हणूनच तर लोक स्वतःहून येऊन आपल्या घरातलं त्यांच्या कानात घालत.

ती वही अनंतकृष्णाने एका उन्हाळ्यात घाम गाळत टाइप केली. हल्लीच्या पोरांना देवनागरी धड वाचता येत नाही, म्हणून नावं तमिळ आणि इंग्रजीतही घातली. शेरे मात्र होते तसेच, मराठीत. मग त्याने सर्व्हरवर नियम लिहिले. पहिलं पान सगळ्या जगाला मोकळं. पत्रिका बघायच्या तर सभासदाचं नाव आणि पासवर्ड हवा. शेऱ्यांचं फोल्डर फक्त तिघांना, म्हणजे हनुमंतराव, चिटणीस आणि तो स्वतः. सभेत त्याने भिंतीवर हे सगळं दाखवलं. चुकीचा पासवर्ड घालून दार कसं बंद राहतं तेही दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खांद्यावर शाल पडली. त्या दिवशी तो घरी चालत न जाता जरा तरंगतच गेला म्हणायला हरकत नाही.

पुढच्याच आठवड्यात हनुमंतरावांचे फोन सुरू झाले.

"अनंता, हें कुलूप मज उघडेना रे. चार वेळां घाटलें."

"काका, पहिलं अक्षर लहान घाला. फोन आपोआप मोठं करतो."

"मीं लहानच घाटलें. तोच मोठें करतो. मीं काय करूं?"

सकाळी फोन, दुपारी वर्ग चालू असताना फोन, संध्याकाळी पुन्हा. एकदा तर प्राचार्यांसमोर बसलेला असताना तीन वेळा. शेवटी वैतागून अनंतकृष्णाने शेऱ्यांच्या फोल्डरची नियमांची फाइल उघडली आणि पासवर्ड मागणाऱ्या ओळींच्या आधी एकेक चौकट-चिन्ह (#) मारलं. ते चिन्ह असलं की सर्व्हर ती ओळ वाचतच नाही, ती असून नसल्यासारखी. काकांना जरा सोपा पासवर्ड करून देऊ, तोवर दोन दिवस चालेल, असं त्याने ठरवलं. शिवाय शेरे मराठीतच होते. वाचणार कोण?

हा विचार काही त्याचा एकट्याचा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या या लोकांनी हेच केलं. उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि बाहेर असताना आतलं बोलायचं तर मराठी. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या नाकासमोर बसून "महाग सांगतो, उठूं या" म्हणायचं. बसमध्ये शेजारच्या बाईचं स्थळ शेजारच्या बाईदेखत नापसंत करायचं. त्यांच्यापाशी हे कुलूप जन्मापासून होतं आणि ते कधी कुणी फोडलं नव्हतं. वर्गात मुलांना सुरक्षेवर तासन्‌तास व्याख्यान देणारा अनंतकृष्णही घरात याच कुलपाच्या भरवशावर वाढला होता.

दोन दिवसांचे पाच महिने झाले. कुलूप आता आपोआप उघडतं असं समजून काकांनी फोन थांबवले, तसं त्यालाही बरं वाटलं आणि तो विसरला.

मेलकावेरीला विजयराघव राहायचा, त्याचा शाळेपासूनचा मित्र. विजयराघवाची मुलगी शिवरंजनी बायकांच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिचं चोळपुरमच्या सूर्या नावाच्या मुलाशी जमलं होतं. मुलगा तमिळ घरचा, पण दोन्ही घरांनी फारशी कुरकूर न करता होकार दिला होता आणि निश्चय, म्हणजे साखरपुडा, व्हायला तीन आठवडे होते. अशात मुलाच्या आईचा निरोप आला की हे आता थांबवा. मुलीला फीट येत होती, सात वर्षं औषध चालू होतं, आणि तुम्ही ते लपवलंत.

शिवरंजनीने सूर्याला ते केव्हाच सांगितलं होतं. चौदाव्या वर्षी दोनदा आली, पुढे कधीच नाही. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन घरच्यांना दोघांनी मिळून सांगायचं, असं त्यांचं ठरलं होतं. पण आईला ते आधीच कळलं, सूर्याकडून नव्हे, आणि कळलं ते 'लपवलं' या शब्दासकट.

आता हे बाहेर गेलं कसं? घरात जाणणारे चौघे. नवरा-बायको, स्वतः मुलगी, आणि विजयराघवाची थोरली विधवा बहीण गोमती, जी त्यांच्यातच राहायची. गोमतीअक्का दर शनिवारी तिरुविसनल्लूरच्या मठात भजनाला जायची आणि तिथे सूर्याची एक मावशीही यायची. झालं! कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त घरातलं कुणी अक्काशी बोलेना. तिने केलेली भाजी पानात तशीच राहू लागली.

हे सगळं अनंतकृष्णाला हनुमंतरावांनी सांगितलं, एका संध्याकाळी, खाली मान घालून. "गोमती असें करील वाटलें नव्हतें," ते म्हणाले. "मजकडे वहींत आहे तें कोणी पाहिलेलें नाहीं. तुझें कुलूप आहे."

अनंतकृष्णाला मारून ठेवलेली ती चिन्हं आठवली. तो तिथून कसा उठला हे त्याला नंतर आठवेना. घरी येऊन त्याने फोल्डर उघडलं. पासवर्ड विचारला गेला नाही. सर्व्हरच्या नोंदी काढल्या, आणि सगळं तिथे तारीखवार होतं. शिवरंजनीचं नाव आणि गाव इंग्रजीत टाकून कुणीतरी शोध घेतला होता. शोधात हेच पान आलं होतं. ते पान फोनच्या भाषांतराच्या सोयीतून उघडलं होतं, मराठीचं तमिळ करून. निरोप आला त्याच्या आदल्या दिवशी एकाच फोनवरून नऊ वेळा. शेरा असा होता: 'लहानपणीं दोन वेळां फीट. सात वर्षें औषध. आतां बरी. घरचे बाहेर सांगत नाहींत.' पिढ्यान्‌पिढ्यांचं कुलूप एका बटणाने उघडलं होतं.

त्याने चिन्हं काढली. एक मिनिटही लागलं नाही. पुन्हा पान उघडून बघितलं, आता दार बंद होतं. शोधातूनही पान काढून टाकायची विनंती पाठवली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे आता कुणालाच कळणार नाही. सर्व्हरच्या नोंदी समाजात वाचता येणारा तो एकटाच. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच एवढी लाज वाटली की तो बायकोसमोर जेवायला बसू शकला नाही.

आठ दिवस तो गप्प राहिला. आठ दिवस! वर्गात त्याने परवानग्यांचा धडा वगळून पुढचा घेतला. बाजारात गोमतीअक्का समोरून आली, हातात वाळ्याची जुडी घेऊन, आणि "काय अनंता, बरें आहे कीं?" म्हणाली, तेव्हा त्याने तिच्याशी, परक्याशी बोलावं तसे, तमिळमध्ये दोन शब्द बोलून रस्ता ओलांडला. तिला वाटलं असेल, हाही त्यांच्यातला झाला. ते तिला वाटू दिलं, हे त्याला सगळ्यात जास्त बोचत राहिलं. एरवी भर रस्त्यात तिच्याशी तमिळ बोलायची त्याची हिंमत झाली नसती.

रविवारी सकाळी तो विजयराघवाच्या घरी गेला. ओसरीवर विजयराघव पेपर घेऊन बसला होता, वाचत नव्हता. शिवरंजनी कॉलेजच्या वह्या तपासत होती. मागच्या पडवीत अक्का केळफूल सोलत होती, ते आतल्या दारातून दिसत होतं.

"सर्व्हरवर जरा कॉन्फिगरेशनचा प्रश्न झाला होता," अनंतकृष्णाने सुरुवात केली. "ॲक्सेसच्या नियमांत काही ओळी तात्पुरत्या निष्क्रिय..."

"मामा," शिवरंजनी म्हणाली, "काय झालें तें सांगा."

मग त्याने सांगितलं. शेऱ्यांच्या फोल्डरचं कुलूप मी काढलं होतं. दोन दिवसांसाठी काढलं आणि पाच महिने लावलं नाही. सूर्याच्या घरच्यांनी तुझा शेरा तिथे वाचला. गोमतीअक्काने कुणाला काही सांगितलेलं नाही. शेवटचं वाक्य त्याने आतल्या दाराकडे बघत जरा मोठ्याने म्हटलं. केळफूल सोलणारे हात थांबले, पण अक्का उठून आली नाही.

विजयराघवाने पेपर खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, अनंतकृष्ण त्याचीच वाट बघत होता. आली ती शरम. मित्राची शरम बघायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि तीही त्यानेच आणलेली. विजयराघव उठला, आतल्या दारापर्यंत गेला, "अक्का" म्हणाला. तो तिथेच चौकटीला हात लावून उभा राहिला.

"कुलूप काढलें कां?" शिवरंजनीने विचारलं.

"काका सारखे फोन करत होते. त्यांना पासवर्ड घालता येत नव्हता."

"आणि?"

"आणि मराठीत होतं. वाटलं, मराठी कोण वाचणार." हे तो कळवळून बोलला, कारण ते खरं होतं आणि या घरात तरी ते समजेल असं त्याला वाटत होतं. "आपलं असकें, सगळेंच, आपण असंच ठेवतों नाहीं का, रंजनी? बसमध्यें, दुकानांत. मज एवढंच वाटलें."

तिने मान हलवली. तिला समजलं होतं. अनंतकृष्णाच्या छातीवरचं ओझं जरा हललं. चूक ती चूकच, पण या माणसांना कळेल अशी चूक.

"किती जणांनीं वाचलें?"

"तुझं पान बाहेरून त्रेचाळीस वेळा उघडलं. त्या फोनवरून नऊ. बाकीचे कोण ते कळत नाही." त्याने खिशातून कागद काढला, नोंदी छापून आणल्या होत्या. "मी चोळपुरमला जातो. सूर्याच्या आईला सांगतो की घरच्यांनी लपवलं नव्हतं, दोष माझा."

"तें मीं बघेन." तिने कागद घेतला, वरून खाली बघितला. मुलांच्या उत्तरपत्रिका बघायची तिची हीच पद्धत असावी, घाई नाही, काही सुटत नाही. "सगळ्यांचे शेरे होते त्यांत?"

"हो."

"स्फूर्तीचा पण?"

स्फूर्ती म्हणजे त्याची मुलगी, शिवरंजनीहून दोन वर्षांनी लहान, बंगळूरला नोकरीला. अनंतकृष्णाने तोंड उघडलं. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. वही हनुमंतरावांच्या कपाटात, फोल्डरला कुलूप, तपासणार कोण? पण आतल्या दारात विजयराघव अजून तसाच उभा होता, आणि त्याच्यापलीकडे अक्का.

"नाही," तो म्हणाला.

"काकांच्या वहींत तिचा शेरा नाहीं?"

"वहीत आहे. मी टाइप केला नाही."

"कुलूप काढल्यावर पुसलात?"

"नाही. पहिल्यापासूनच घातला नाही. टाइप करतानाच ती जागा कोरी ठेवली."

शेरा काय होता ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, सगळं, आणि कदाचित त्याला बरं वाटलं असतं. तिने नोंदींच्या कागदाची घडी घातली.

"म्हणजे मराठी वाचणारें कोणीतरी असतें," ती म्हणाली, "हें तुम्हांस तेव्हांच ठाऊक होतें."

अनंतकृष्णाने मान खाली घातली.

"होतें," तो म्हणाला.