हरणाबाईंच्या गालाचा तुकडा

मी हरणाबाईंच्या डाव्या गालाचा तुकडा बोलतोय. गालाचा म्हणजे आतल्या बाजूचा बरं का! आकाराने मी तुरीच्या डाळीएवढा, पण मला किरकोळ समजू नका. माझ्या पोटात चार घराणी नांदतात.

वरच्या अंगाला अभिस्तर ऊती. एकावर एक पेशींचे थर. कढत चहा, ठेचा, सगळं आधी त्यांच्या अंगावर. त्याखाली संयोजी ऊती. थोरल्या जावेसारखी ही सगळ्यांना धरून ठेवते. तळाशी स्नायूंचे चार धागे. हरणाबाई कुणाला झाडायला लागल्या की या बिचाऱ्यांना उसंत नसे. आणि मधूनमधून चेता ऊती. ही जात चुगलखोर, जरा खुट्ट झालं की थेट मेंदूला वर्दी!

आटपाडीकडच्या आमच्या घरी रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजली जायची आणि तिची मशेरी माझ्या अंगावर येऊन ठाण मांडायची. वर्षानुवर्षं सोसून वरच्या थरातल्या पेशी बिथरल्या. कुणी उगाच फुगली, कुणाचं केंद्रक मोठं झालं, कुणी रांग सोडून भलतीकडेच उभी. बाहेरून दिसायचा नुसता पांढरा चट्टा. तो दुखत नव्हता, म्हणून त्या चुगलखोरांनीही तोंड उघडलं नाही. याचा मला अजून राग येतो.

एकदा हरणाबाईंनी मोठी जांभई दिली आणि चट्टा सुनेला दिसला. स्वप्नाली त्यांना ओढतच सांगलीला घेऊन आली.

"मावशी, मशेरी लावता का?" डॉक्टर दीपमालांनी विचारलं.

"न्हाई बाई! आमी असल्या वाटंला जातच न्हाई."

डबी कनवटीला आणि चिमूटभर मशेरी माझ्या डोक्यावर! तोंडात राहूनही मला तोंड उघडता येईना. डॉक्टरांनी आत बॅटरी मारली, गालातल्या गालात हसल्या आणि हरणाबाईंचा गाल बधिर करून मला अलगद कापून घेतलं.

मग माझे लाड सुरू झाले. औषधात बुडवलं, मेणात बसवलं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले आणि एक काप काचेवर ठेवून जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवला. एवढी हौस नवरीचीसुद्धा कुणी करत नसेल.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी हरणाबाईंना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "हा तुमचा गाल. या बाजूच्या पेशी बघा, कशा रांगेत आहेत. आणि इकडच्या?"

हरणाबाई एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिल्या. जन्म मेंढरांमागं गेलेला त्यांचा.

"ही बुजल्याली दिसत्यात," त्या हळूच म्हणाल्या. "म्हंजे कॅन्सर का बाई?"

"अजून नाही. चट्टा काढून टाकू. पण मशेरी चालूच राहिली तर पुढचं मी सांगू शकत नाही."

हरणाबाईंनी पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावून मला पाहिलं. मला त्यांची दया आली. शेवटी त्या म्हणाल्या, "ह्यो तुकडा माझाच न्हवं? मग द्या की माघारी. माझं अंग हितं परक्यात कशाला?"

"राहू दे मावशी. पुढं कधी शंका आली तर नवा तुकडा याच्याशी ताडून बघता येईल."

हरणाबाईंनी कनवटीला हात घातला आणि डबी टेबलावर ठेवली.

"आत्या! तुमी तर डॉक्टरांना लावत न्हाई म्हणला हुता!" शेजारी उभी स्वप्नाली म्हणाली.

"गप गं." मग डॉक्टरांकडं वळून, "हिला बी ठिवा त्येच्याशेजारी. लय वर्सं एकत्र काढल्यात दोघांनी."

तेव्हापासून मी मेणात आणि ती वैरीण माझ्या शेजारी, एकाच कपाटात. ठेचा आठवतो, हरणाबाईंचं झाडणंही आठवतं. तुम्हीही कधी आरशासमोर आ करून गालात डोकावा. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका.

हरणाबाई तपासणीला येतात. गाल आता गुलाबी आहे म्हणे. आल्या की आधी डबी मागून घेतात, कानाशी धरून हलवतात, झाकणावर अंगठा ठेवतात. माझा जीव टांगणीला लागतो. मग त्या न उघडता ती माझ्या शेजारी परत ठेवतात आणि म्हणतात, "नीट ऱ्हावा रं दोघंबी."